मॅकबेथ : बखर आणि नाटक

ज्या नाटकाच्या कर्त्याच्या हातचें एक पानहि उरलेलें नाहीं, त्याची चिकित्सा संशोधकानें कशी करावी? शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चा एकमेव मूळ पाठ १६२३ सालीं, कवीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं छापलेल्या नाट्यसंग्रहांत मिळतो. हस्तलिखित नाहीं, व ताडून पाहण्यास दुसरी स्वतंत्र प्रतहि नाहीं. परंतु कवीनें जिचा आधार घेतला ती बखर उपलब्ध आहे. ती व नाटक शेजारीं ठेवून वाचल्यास कवीनें काय घेतलें यापेक्षां काय गाळलें हेंच अधिक बोधप्रद ठरतें, असें आमचें मत आहे.

ही बखर म्हणजे रॅफेल हॉलिन्शेड याचा इतिहाससंग्रह. त्याची १५८७ सालची दुसरी आवृत्ति कवीनें वापरली. तींतील ही हकीकत हेक्टर बोइस याच्या १५२७ सालच्या लॅटिन ग्रंथावरून आलेली आहे. घटना अकराव्या शतकांतील आणि लेखन सुमारें पांचशें वर्षांनंतरचें. तेव्हां अशा साधनाची योग्यता आमच्या वाचकांस निराळी सांगणें नको. बँको हा पुरुष तर समकालीन साधनांत कोठेंच आढळत नाहीं. स्टुअर्ट घराण्याचा पूर्वज म्हणून तो बोइसच्याच ग्रंथांत प्रथम अवतरतो.

आतां गाळलेल्या गोष्टी पाहूं. बखरींतील मॅकबेथास एक गाऱ्हाणें आहे. डंकननें आपल्या अल्पवयी पुत्रास युवराज केलें, त्यामुळें देशाच्या रूढीनें आपणांस पोंचणारा हक्क बुडाला, असें त्याचें म्हणणें. बखरींत त्यास साथीदार आहेत, व त्यांत बँको प्रमुख. राज्य मिळाल्यावर तो दहा वर्षें न्यायानें कारभार करतो व चांगले कायदे करतो. नाटकांत या तिहींपैकीं एकहि गोष्ट नाहीं. मालकमच्या युवराजपदाची घोषणा तेवढी राहिली, हक्काचा वाद गेला. बँकोस निर्दोष ठरविण्याचें कारण उघड आहे. १६०३ पासून इंग्लंडच्या गादीवर असलेला पहिला जेम्स त्याचा वंशज म्हणविला जाई. पण उरलेल्या दोन गोष्टी केवळ राजाची मर्जी राखण्यासाठीं गाळल्या, असें म्हणतां येत नाहीं.

शिवाय निद्रिस्त पाहुण्या राजाच्या खुनाची हकीकत मुळांत डंकनची नव्हेच. ती त्याच बखरींत अगोदर आलेल्या डफ राजाची आहे. डोनवाल्ड नांवाच्या किल्लेदारानें पत्नीच्या चिथावणीवरून तो खून चाकरांकडून करविला. कवीनें ती हकीकत उचलून मॅकबेथच्या घरांत आणली, आणि शस्त्र चाकरांच्या हातून काढून खुद्द यजमानाच्या हातीं दिलें.

या फेरफारांचा परिणाम असा कीं महत्त्वाकांक्षेस एकहि सबब उरली नाहीं. चेटकिणी भविष्य सांगतात, खून कर असें सांगत नाहींत. पत्नी डिवचते, पण विचार अगोदरच मनांत शिरलेला असतो. आपणांस पुढें ढकलणारी गोष्ट केवळ महत्त्वाकांक्षा आहे, हें तो खुनापूर्वीं स्वतःशींच कबूल करतो. म्हणूनच मिळालेल्या राज्याचा उपभोग त्यास एक रात्रहि घेतां येत नाहीं. झोंप जाते, आणि पहिलें पातक सुरक्षित ठेवण्यासाठीं दुसरें करावें लागतें. बखरींतील दहा वर्षें ठेवलीं असतीं, तर हा कार्यकारणभाव तुटला असता.

मात्र नाटकाची ही सत्यता इतिहासाच्या दप्तरांत दाखल करूं नये. डंकन १०४० सालीं झोंपेंत नव्हे, लढाईंत पडला. त्यानंतर मॅकबेथनें १०५७ पर्यंत राज्य केलें. १०५० सालीं तो रोमच्या यात्रेस गेला व तेथें त्यानें गरिबांस पैसा वांटला, असें समकालीन मारियानस स्कोटस नोंदवितो. ज्याच्या पायांखालीं राज्य डळमळत आहे, तो इतक्या दूर जाण्यास सहसा धजत नाहीं.

शेवटीं संग्राहकांसाठीं एक गोष्ट. सायमन फोरमन यानें हें नाटक ग्लोब नाटकगृहांत पाहून लिहिलेलें टिपण ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. टिपणांत साल १६१० पडलें आहे; परंतु २० एप्रिल व शनिवार यांचा मेळ १६११ सालींच बसतो. हें टिपण जॉन पेन कॉलिअर यानें १८३६ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें एका जुन्या प्रतींतील म्हणून त्यानें मिरविलेल्या पाठदुरुस्त्या बनावट असल्याचें १८५९ सालीं उघडकीस आलें, आणि फोरमनच्या टिपणासहि संशयाचा डाग लागला. फेरतपासणींत तें अस्सल ठरलें. कॉलिअरजवळ विद्वत्तेची वानवा नव्हती, कीर्तिहि होती. तरी आणखी हवें असें त्यास वाटलें, व एका खोट्या कागदापायीं त्याचा खरा कागदहि बाटला. या नाटकाचा धडा सिंहासनापुरताच आहे असें ज्यास वाटत असेल, त्यानें आपल्या दप्तराकडे एकवार पाहावें.