ज्योत गेली, झुंबर उरलं

भिलईत लग्नाच्या हॉलला हल्ली झुंबर हवंच असतं. ॲक्रिलिकचे लोलक, सोनेरी मुलामा आणि मेणबत्तीच्या आकाराचे एलईडी बल्ब. झगमगाट भरपूर, पण नजर तिथे ठरत नाही. या कलेचा प्राणच त्यातून काढून घेतला आहे, असं मला वाटतं.

मध्ययुगीन युरोपातल्या चर्चमध्ये लाकडी चौकटीवरच्या खिळ्यांवर मेणबत्त्या खोचत. दोर सैल करून चौकट खाली घ्यायची, पेटवायची, पुन्हा वर ओढायची. मेण महाग होतं. चरबीची मेणबत्ती स्वस्त, पण तिची वात सारखी कातरावी लागे. एवढा कमी उजेड पुरवून वापरायचा, तर लोलक हवेत. 1670 च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने शिसं घातलेली काच बनवली. ती पैलू पाडायला मऊ आणि किरण वाकवण्यात तरबेज होती. खिडकीतून झुळूक आली की ज्योत हलते आणि पैलूतला निळा ठिपका तांबूस होतो, शेजारच्या पैलूत जातो, विझतो. सगळी घडण या थरथरीसाठी होती. बल्ब स्थिर असतो. आपण मान हलवली तरच त्याचे लोलक चमकतात.

आपली नजर बहुधा संस्थानी वैभवाने बिघडवली. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास महालात (1874) प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरं आहेत. छत पेलेल का, हे बघायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, पण तिच्यामुळे झुंबर वजनावर जोखायची सवय लागली.

भिलईला तर काचेमागे धावायची गरजच नाही. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून गावाचं पोट लोखंडावर आहे. दक्षिणेला, बस्तरच्या वाटेवरच्या कोंडागावात लोहार तापलेलं लोखंड नुसत्या हातोड्या-चिमट्याने दिव्यात उतरवतात, साचा नसतो. बस्तरमध्ये लग्नकार्यात लोखंडी दिव्याला मान आहे. टांगायचा दिवाही तिथल्या परंपरेत आहे, आपल्या लामणदिव्याचा भाऊ शोभावा असा. जवळून पाहिलं की वातीच्या वाटीवर ठोक्यांचे खळगे दिसतात. उजेड त्या खळग्यांत अडतो, काठावर उमटतो. काच प्रकाश फोडते. लोखंड भिंतीवर सावली पाडतं, आणि ज्योत हलली की तीही हलते.

बाजाराने मात्र या कारागिरांना हरणं, मुखवटे आणि टेबलावरच्या मेणबत्ती-स्टँडपुरतं ठेवलं आहे. ते काम सुबक असतं, पण त्यात दिवाणखाना उजळण्याची महत्त्वाकांक्षा उरत नाही. मोठं काम कारागीर स्वतःच्या खर्चाने करून ठेवणार नाही. भिलईच्या वास्तुविशारदांनी आणि हॉलमालकांनी ते आधी सांगून, आगाऊ पैसे देऊन करून घ्यायला हवं: दोन कड्यांचं लोखंडी झुंबर, मेण झेलायला ज्योतीखाली रुंद वाट्या, पेटवण्यासाठी खाली घेता येईल अशी कप्पी, आणि त्यात एकही बल्ब नको.