दूरचित्रवाणीवरील गृहत्याग

२०१० सालचा डेव्हिड ग्रुबिन यांचा ‘द बुद्ध’ हा अमेरिकन माहितीपट संयत आहे. २०१३ ची ‘बुद्धा’ ही हिंदी मालिका राजवाड्यातील कारस्थानांत रमते. तथापि दोहोंतही गृहत्यागाचे कारण चार निमित्ते हेच. मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात हा प्रसंग नाही. तेथे मातापिता अश्रू ढाळीत असता तरुण घर सोडतो. दीघनिकायात तो विपस्सी बुद्धांविषयी येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो नाकारून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. २९ व्या वर्षापर्यंत वार्धक्य व मृत्यू ठाऊकच नव्हते, हे बुद्धीस पटत नाही. विचारपूर्वक केलेला त्याग पडद्यावर योगायोग ठरावा, हे आम्हांस मान्य नाही.