दुकान, स्पर्श आणि ‘एलिझाबेथ एकादशी’

परमुलखातील दुकान हे वंशभेदाच्या नाट्याचे समर्थ केंद्र ठरते. कारण परस्परांना टाळू पाहणाऱ्यांना तेथे समोरासमोर यावेच लागते. स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ (१९८९) या चित्रपटात ब्रुकलिनमधील इटालियन वंशाच्या मालकाचे दुकान जळते; समोरचा कोरियन दुकानदार ‘मीही काळाच’ असा आकांत करून वाचतो. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) ही रचना उलटते. पंढरपुरात दुकानदार स्थानिक, परका तो यात्रेकरू. आईचे जप्त झालेले विणकामाचे यंत्र सुटावे आणि दिवंगत वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये, यासाठी ज्ञानेश व त्याचे सवंगडी कार्तिकी यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात.

बांगडी भरताना अनोळखी मनगट हाती घ्यावे लागते. पंढरपुरात स्पर्शाला इतिहास आहे. येथे विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकून दर्शन घेतात. ते मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये येथेच उपोषण करावे लागले. चित्रपटाचा भर मात्र कर्ज आणि कमाई यांवर राहतो. ते मनगट कोणाचे, हा प्रश्न त्याच्या आशयसूत्रात शिरत नाही. मुलांचे सख्य निर्व्याज आहे, पण ते गृहीत धरलेले आहे. लींच्या कोरियन दुकानदाराचा आपलेपणाचा दावा संकटात पारखला जातो. दारिद्र्याचा ताण इतक्या संयमाने हाताळणाऱ्या कलाकृतीने ही पारख टाळावी, ही तिची मर्यादा होय.