ज्ञात शेवटाची पूर्वकथा : ‘फर्जंद’ ते ‘शेर शिवराज’ या चित्रपटांतील उलट्या कालक्रमाचा विचार

प्रस्तावना

एखादी कथा लोकप्रिय झाली की तिच्यापुढे काय घडले याइतकेच तिच्या आधी काय घडले याविषयीही कुतूहल निर्माण होते. मूळ कथेनंतर निर्माण झालेली, परंतु घटनाकाळाच्या दृष्टीने तिच्या आधीची असलेली कलाकृती म्हणजे पूर्वकथा होय. चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांच्या व्यवहारात तिला ‘प्रीक्वेल’ हे नाव रूढ आहे. अशा कृतीवर एक मूलभूत आक्षेप घेतला जातो. ज्या कथेचा शेवट आधीच ठाऊक आहे ती पुन्हा सांगण्याचे प्रयोजन काय? मूळ कृतीवरील प्रेमाचे भांडवल करण्यापलीकडे तिच्यातून काही साध्य होते काय? दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यांपैकी दोन चित्रपटांच्या केंद्रस्थानी कोल्हापूरजवळचा पन्हाळा असल्याने येथील प्रेक्षकाच्या दृष्टीने या प्रश्नास विशेष महत्त्व प्राप्त होते.

उलटा कालक्रम

‘फर्जंद’ हा चित्रपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. कोंडाजी फर्जंद यांनी १६७३ मध्ये अवघ्या ६० मावळ्यांनिशी पन्हाळा जिंकला, हा त्याचा विषय. २०१९ मधील ‘फत्तेशिकस्त’ने १६६३ मधील लाल महालावरील छापा निवडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला ‘पावनखिंड’ १६६० मधील पन्हाळ्याचा वेढा आणि घोडखिंडीतील लढाई यांवर आधारित आहे, तर त्यानंतर दोन महिन्यांनी आलेला ‘शेर शिवराज’ १६५९ मधील अफजलखानवधाची कथा सांगतो. १६७३, १६६३, १६६०, १६५९ असा हा क्रम आहे. म्हणजे प्रत्येक नवा चित्रपट आधीच्या चित्रपटाच्या मागे गेलेला दिसतो. २०२३ मधील ‘सुभेदार’ने १६७० मधील सिंहगडाचा प्रसंग घेऊन हा क्रम मोडला, तथापि तोही ‘फर्जंद’च्या तुलनेत पूर्वकाळातीलच आहे.

या चित्रपटांना पूर्वकथा म्हणण्यास एक मर्यादा आहे. इतिहासातील प्रसंग निवडताना दिग्दर्शकाने मागे जाण्याचा हेतू धरलाच असेल असे नाही. मात्र ‘शिवराज अष्टक’ या एकाच संकल्पित मालिकेचे भाग म्हणून ते प्रेक्षकांसमोर आले. चिन्मय मांडलेकर यांचे शिवाजी महाराज आणि मृणाल कुलकर्णी यांच्या जिजाऊ या पाचही चित्रपटांत कायम आहेत. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात त्यांची एक सलग कथा तयार होते आणि त्या कथेच्या दृष्टीने हे चित्रपट पूर्वकथेचेच कार्य करतात.

प्रख्यात कथावस्तू आणि औत्सुक्य

ज्ञात शेवटामुळे रसहानी होते, हा आक्षेप भारतीय परंपरेला फारसा मान्य होणारा नाही. नाट्यशास्त्राने ‘नाटक’ या प्रकारासाठी प्रख्यात, म्हणजे लोकांना परिचित असलेलीच कथावस्तू सांगितली आहे. महाभारताची रचनाही याच स्वरूपाची आहे. जनमेजय आपल्या पूर्वजांची कथा ऐकतो. कोण जिंकले हे त्यास ठाऊक असतेच, कारण तो स्वतः त्या विजयाचा वंशज आहे. पोवाडा ऐकणाऱ्या श्रोत्यालाही बाजीप्रभू खिंडीत पडणार हे आरंभापासून माहीत असते. भालजी पेंढारकर यांनी १९५६ मध्ये ‘पावनखिंड’ याच नावाचा चित्रपट निर्माण केला होता, तेव्हाही प्रेक्षक शेवट जाणण्यासाठी आलेला नव्हता. अशा कथेत ‘पुढे काय होईल’ या औत्सुक्याची जागा ‘हे कसे आणि कोणत्या किमतीवर घडले’ या जिज्ञासेने घेतलेली असते.

म्हणून पूर्वकथेची खरी कसोटी निराळी ठरते. ती पाहून झाल्यावर मूळ कृतीकडे परत गेले असता ती मूळ कृती बदललेली दिसते काय, हा प्रश्न महत्त्वाचा होय.

व्हिडिओ गेममधील प्रत्यंतर

ही कसोटी व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात अधिक कठोर होते, कारण तेथे खेळाडू केवळ पाहत नाही, तर निर्णयही घेतो. ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या २०१५ च्या खेळात रेचेल अँबर ही मुलगी बेपत्ता आहे आणि अखेरीस ती मृत असल्याचे उघड होते. २०१७ च्या ‘बिफोर द स्टॉर्म’ या पूर्वकथेत तीच रेचेल जिवंत, हट्टी व मोहक रूपात भेटते. खेळाडूने कोणताही पर्याय निवडला तरी तिचे पुढील भवितव्य टळत नाही. वरकरणी हा खेळाडूच्या स्वातंत्र्याचा उपहास वाटतो. परंतु मूळ खेळात भिंतींवरील पत्रकांपुरती उरलेली मुलगी यामुळे एक व्यक्ती बनते. ‘रेड डेड रिडेम्प्शन’ या २०१० च्या खेळात आर्थर मॉर्गन याचा उल्लेखही नाही. २०१८ च्या दुसऱ्या भागात, जो घटनाकाळाने आधीचा आहे, तोच नायक आहे. त्याच्या त्यागावर उभे राहिलेले जॉन मार्स्टनचे आयुष्य पहिल्या खेळात दिसते. पण त्या आयुष्यात आर्थरचे नाव कोणी घेत नाही. हे मौन पूर्वकथेमुळेच प्रथम जाणवते.

पन्हाळ्याचे ऋण

या कसोटीवर ‘पावनखिंड’ बऱ्याच अंशी उतरतो. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफजलखानवधानंतर अवघ्या १८ दिवसांत पन्हाळा स्वराज्यात आला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरने त्यास वेढा घातला. १२ जुलैच्या रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले. त्यांचे रूप घेऊन पालखीत बसलेले नेबापूरचे शिवा काशीद मारले गेले. १३ जुलैस बाजीप्रभू व बांदल वीरांनी खिंडीत प्राण दिले. त्यानंतर सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा आदिलशाहीच्या स्वाधीन करावा लागला.

२०१८ च्या प्रेक्षकासाठी ‘फर्जंद’ ही एका धाडसी गडविजयाची कथा होती. ‘पावनखिंड’ पाहिल्यानंतर ‘फर्जंद’मधील पन्हाळा हा केवळ एक किल्ला राहत नाही, ज्याच्या पायथ्यापासून पुढील वाटेवर माणसे खर्ची पडली आणि तरीही जो हातचा गेला, असा तो गड ठरतो. कोंडाजींच्या ६० मावळ्यांचा पराक्रम १३ वर्षे थकलेल्या ऋणाची फेड ठरतो. या चित्रपटाचे आधी घोषित झालेले नाव ‘जंगजौहर’ असे होते. ते बदलून ‘पावनखिंड’ करण्यात आले. या बदलामुळे शीर्षकातील भर शत्रूवरून बलिदानाच्या स्थळावर सरकला, ही बाबही अर्थपूर्ण आहे. बांदलांच्या घराण्याला आणि सेनेला पडद्यावर मिळालेली जागा ही या पूर्वकथेची प्रमुख जमेची बाजू होय.

मात्र ऋण आणि फेड यांना जोडणारा दुवा, म्हणजे सप्टेंबर १६६० मधील पन्हाळ्याचे जाणे, या चित्रपटाच्या उत्कर्षबिंदूपलीकडे राहतो. तो दुवा प्रेक्षकाने स्वतः जोडावा लागतो. दरवर्षी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड ही वाट चालणाऱ्यांना तो ठाऊक असू शकतो. इतरांसाठी दोन्ही चित्रपट दोन सुट्या विजयगाथा राहण्याचा धोका आहे.

मर्यादा

‘शेर शिवराज’च्या संदर्भात अधिक मूलभूत अडचण उद्भवते. पूर्वकथेतील नायक काही अंशी अपूर्ण असावा लागतो. तो जसा पुढे झाला तसा अद्याप झालेला नसणे, यातच पूर्वकथेचे नाट्य असते. ‘रेड डेड रिडेम्प्शन’च्या दुसऱ्या भागातील जॉन मार्स्टन जबाबदारी टाळणारा तरुण आहे, म्हणून त्याचे नंतरचे रूप अर्थपूर्ण ठरते. ‘फर्जंद’मधील महाराज ४३ वर्षांचे आहेत, ‘शेर शिवराज’मधील २९ वर्षांचे. दरम्यान अभिनेत्याचे वय मात्र चार वर्षांनी वाढले. केवळ चेहऱ्याचा हा प्रश्न असता तर तो गौण मानता आला असता. परंतु दोन्ही चित्रपटांतील महाराज सारखेच परिपूर्ण, सारखेच निःशंक आहेत. आदरभावनेतून हे घडले असले तरी प्रतापगडाच्या पायथ्याशी जाण्यापूर्वीच्या २९ वर्षांच्या राजाची घालमेल त्यामुळे निसटते आणि कथेचा भार अफजलखानाच्या क्रौर्यावर पडतो.

पात्रयोजनेतही सातत्याचा अभाव जाणवतो. अंकित मोहन ‘फर्जंद’मध्ये कोंडाजी, तर ‘पावनखिंड’मध्ये रायाजी बांदल आहेत. अजय पूरकर ‘फत्तेशिकस्त’ व ‘सुभेदार’मध्ये तानाजी, तर ‘पावनखिंड’मध्ये बाजीप्रभू आहेत. लोकनाट्याच्या परंपरेत एका नटाने अनेक सोंगे घेणे मान्य असले तरी सलग मालिका म्हणून सादर झालेल्या चित्रपटांत त्यामुळे सहकाऱ्यांची स्वतंत्र ओळख पुसट होते. ज्या व्यक्तींना विस्मृतीतून बाहेर काढणे हे पूर्वकथेचे श्रेय, त्यांनाच हा दोष बाधतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शेवट ज्ञात असणे हा पूर्वकथेचा दोष नव्हे. मूळ कथेतील रिकाम्या जागा भरणे एवढेच तिचे कार्य असेल तर ती अनावश्यक ठरते. मूळ कथेतील विजयामागची किंमत ती दाखवीत असेल तर ती मूळ कथेइतकीच आवश्यक ठरते. ‘पावनखिंड’ने ‘फर्जंद’ला ही किंमत मिळवून दिली. ‘शेर शिवराज’ने परिचित पराक्रमाची प्रभावी पुनरावृत्ती केली, परंतु आधीच्या चित्रपटांकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली नाही. पुढील काळात शिवचरित्रावर पूर्वकथा रचणाऱ्यांनी महाराजांच्या पूर्णत्वापेक्षा त्यांच्याभोवतीच्या अल्पज्ञात माणसांकडे अधिक लक्ष दिल्यास या प्रकाराचे सामर्थ्य प्रकट होऊ शकेल. पालखीत बसलेल्या शिवा काशीदांना त्या रात्रीचा आपल्यापुरता शेवट ठाऊक होता. तो ठाऊक असूनही ते बसले, यातच त्यांच्या कथेचे सारे नाट्य आहे.