'रोलरबॉल'चा दुसरा जन्म

परक्याची कथा घेऊन तिला नवें रूप कसें द्यावें, हा प्रश्न मराठी रसिकांस नवा नाहीं. आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' केलें, देवलांनीं 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. नांवें पालटलीं, गांवें पालटलीं; परंतु संशयानें पोखरलेला पति होता तोच राहिला. कथेचा जीव कोठें आहे हें रूपांतरकारानें आधीं हेरलें पाहिजे. जॉन मॅक्टिएर्नन यांनीं २००२ सालीं नव्यानें केलेला 'रोलरबॉल' हा चित्रपट पाहतांना या साध्या गोष्टीची आम्हांस वारंवार आठवण झाली.

मूळ 'रोलरबॉल' १९७५ सालचा. दिग्दर्शक नॉर्मन ज्यूइसन. विल्यम हॅरिसन यांनीं स्वतःच्याच लघुकथेवरून त्याची पटकथा रचली. त्यांत कल्पिलेला काळ २०१८ चा. राष्ट्रें लयास गेलीं आहेत, युद्धें थांबलीं आहेत, अन्नवस्त्राची ददात उरलेली नाहीं. जगाचा कारभार मूठभर कंपन्या पाहतात. लोकांना मात्र एक खेळ दिलेला आहे. कडेला उंचावलेल्या वाटोळ्या धावपट्टीवर, कोणी चाकांचे जोडे घालून तर कोणी मोटारसायकलीवर बसून, दोन संघ एका पोलादी गोळ्यासाठीं झुंजतात, आणि त्यांत माणसें मरतात. ह्यूस्टनच्या संघांतील जोनाथन या अजिंक्य वीरास (हें काम जेम्स कान यांनीं केलें आहे) चालक एके दिवशीं निवृत्त होण्याची आज्ञा करतात. त्याचा अपराध कोणता? एकट्या माणसाचा पराक्रम व्यर्थ आहे हें लोकांच्या मनावर ठसावें म्हणून हा खेळ निर्माण केलेला, आणि हा गृहस्थ खेळाहून मोठा होऊन बसला! तो ऐकेना, तेव्हां एकेक नियम काढून टाकण्यांत येतो. अखेरच्या सामन्यांत बदली खेळाडू नाहींत, दंड नाहीं, वेळेची मर्यादाहि नाहीं.

आम्हांस या चित्रपटाचें खरें सामर्थ्य मैदानाबाहेर दिसतें. आपल्याला इतकें सुख कोणी व कशासाठीं दिलें, हें जाणण्यासाठीं जोनाथन जिनीव्हास जगाचें ज्ञान सांठविलेल्या संगणकाकडे जातो. तेथील वृद्ध ग्रंथपाल (राल्फ रिचर्ड्सन) त्यास सहज बोलतां बोलतां सांगतो, कीं तेरावें शतक समूळ हरवलें आहे! दान्ते ज्या शतकांत जन्मला तें शतक हरवतें, आणि कोणास त्याचें कांहींच वाटत नाहीं. जन्मभर ग्रंथांत वावरलेल्या आमच्यासारख्यांस हा प्रसंग मैदानावरील कोणत्याहि मृत्यूपेक्षां अधिक भयंकर वाटला.

नव्या चित्रपटांत यांतलें कांहींएक नाहीं. कथा मध्य आशियांत नेली आहे. जीन रेनो यांनीं रंगविलेला पेट्रोविच नांवाचा मालक मुद्दाम अपघात घडवून आणतो, कारण रक्त सांडलें कीं दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकांचा आंकडा चढतो. ही कल्पना मुळांत टाकाऊ नव्हे. आंकड्यासाठीं माणूस बळी देण्याचा हा व्यवहार आपल्या काळास चांगलाच लागू आहे. परंतु दिग्दर्शकानें तिचें केलें काय? सर्व पाप एका दुष्टाच्या माथीं मारून त्यास ठार केलें, जमाव खवळला, संपलें. ज्यूइसन यांच्या जगांत कोणा एकास मारून कांहीं सुटलें नसतें; त्या व्यवस्थेंत सारेच सुखानें नांदत होते. तेथें रोग होता, येथें केवळ एक रोगी आहे.

त्याहून वाईट असें, कीं चित्रपट स्वतःच पेट्रोविचचा धंदा करतो. हाणामारीमागचा अर्थ काढून घेतल्यावर उरते ती विक्रीस मांडलेली हाणामारी. तीहि अमेरिकेंत अल्पवयीन प्रेक्षक यावेत म्हणून पुढें कापून सौम्य केलेली! एक लांबलचक पाठलाग तर रात्रीं पाहण्याच्या यंत्रांतून दिसावा तशा हिरव्या धुक्यांत दाखविला आहे. डोळे शिणतात, कळत कांहींच नाहीं. 'डाय हार्ड' (१९८८) सारख्या चित्रपटांत प्रत्येक जिना व खोली प्रेक्षकाच्या ध्यानांत राहील अशी मांडणी करणाऱ्या माणसाचें हें काम असावें, याचें नवल वाटतें. याच दिग्दर्शकानें १९९९ सालीं ज्यूइसन यांचाच 'द टॉमस क्राउन अफेअर' पुन्हा केला होता व तो चांगला उतरला होता. या खेपेस तिकिटांतून खर्चहि निघाला नाहीं.

मूळ चित्रपटहि अगदीं निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तो पाहून हा खेळ खरोखरच सुरू करावा अशी बोलणीं निघालीं, आणि ज्यूइसन यांस त्याचा धक्का बसला. ज्याचा तिटकारा यावा त्याचीच गोडी लागली! आमचीहि मूठ शेवटच्या सामन्यांत नकळत आवळली होती, हें कबूल केलें पाहिजे. मात्र तेथें जोनाथन शेवटच्या प्रतिस्पर्ध्यास मारण्यासाठीं गोळा उगारतो आणि थांबतो. सारें प्रेक्षागृह निःशब्द होतें. आणि ती मूठ कशासाठीं आवळली होती, असें आपल्यालाच विचारावें लागतें. नव्या चित्रपटांत असें विचारणारा एक क्षणहि आम्हांस आढळला नाहीं. घरांतील तरुण मंडळी तो पाहून आली असतील, तर त्यांस एकदां १९७५ चा अवश्य दाखवावा, आणि वडील मंडळींनीं शेजारीं बसून पाहावा.