वंश नसलेला प्रतिनायक

शत्रूचा वंश, पराक्रम आणि विद्या यांचे वर्णन करून मग त्याच्यावरील विजय सांगितल्यास नायकाचा उत्कर्ष आनंददायक होतो, असे दंडीने ‘काव्यादर्शा’त म्हटले आहे. प्रतिनायकाला येथे प्रतिष्ठा आहे. पण ती उसनी आहे. नायकाची उंची मोजण्याचे तो एक माप होय. अमेरिकन चित्रकथांतील खलपुरुषांना, विशेषतः बॅटमनच्या जोकरला, हे माप लावू गेल्यास ते दोन्ही टोकांना अपुरे पडते. जोकरला वंश नाही, आणि त्याच्यावरील विजय कधी पुरा होत नाही.

जोकर 1940 साली ‘बॅटमन’च्या पहिल्याच अंकात अवतरला. त्याच अंकात त्याला मारून टाकण्याचा मूळ बेत होता. परंतु संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांच्या सूचनेवरून तो जिवंत असल्याचे सुचविणारे चित्र शेवटी जोडण्यात आले. त्याचे अमरत्व असे संपादकीय व्यवहारातून जन्मले आहे. रावणवधाने रामकथा सिद्धीस जाते; नियतकालिकाला मात्र पुढचा अंक काढावयाचा असतो.

वंशाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. 1928 च्या ‘द मॅन हू लाफ्स’ या चित्रपटातील कॉनराड फाइटच्या मुद्रेवरून जोकरचे हास्य घेतले गेले. त्या चेहऱ्यामागे इतिहास मात्र नव्हता. 1951 साली एका कथेने त्याला पूर्वायुष्य दिले : तो मुखवटा घालणारा चोर होता व रसायनांच्या कुंडात पडून विद्रूप झाला. ‘द किलिंग जोक’ (1988) मध्ये ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड यांनी त्याच चोराच्या जागी एक अयशस्वी विनोदवीर उभा केला, त्याची पत्नी मरताना दाखविली, वाचकाची करुणा पुरती जागविली. आणि मग आपला भूतकाळ आपल्याला कधी असा तर कधी तसा आठवतो, असे जोकरच्याच तोंडी घालून ती करुणा निराधार केली. दुष्टाव्याचे कारण हाती आले असे वाटताच ते निसटते. त्याच्या आकर्षणाचे मर्म या निसटण्यात आहे. 2019 च्या चित्रपटाने त्याला आई, दारिद्र्य व आजार दिला. त्यामुळे त्याची कीव येते, परंतु दरारा ओसरतो.

तथापि केवळ गूढतेवर सारा भार टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. फ्रेडरिक वर्थम यांनी 1954 साली ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या ग्रंथात चित्रकथांवर बालमन बिघडविल्याचा आरोप केला. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली, आणि तिच्या अमलात जोकर खोडकर विदूषक होऊन राहिला. तो टिकला, पण निरुपद्रवी होऊन. 1973 साली डेनिस ओनील व नील ॲडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केले, तेव्हा त्याची जरब परतली. वर्थम यांचे निष्कर्ष ओढूनताणून काढलेले होते. पण क्रौर्य हे या पात्राचे वरवरचे आभूषण नव्हे, एवढे त्यांच्या बाजूने मान्य करावे लागते.

त्या क्रौर्याला दरवेळी नवा बळी लागतो. 1988 साली दुसरा रॉबिन जोकरच्या हातून वाचावा की मरावा, हे प्रकाशकाने वाचकांच्या दूरध्वनीवरील मतांवर सोपविले. मरावा म्हणणारी मते 5,343 पडली, वाचावा म्हणणारी 5,271. जोकरच्या जिवाचा प्रश्न मतास टाकलेलाच नव्हता.