'मॉर्गन आणि सहकारी' म्हणजे कोण?

एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकतेवर एक मोठे प्रकरण आहे. आपल्याकडच्या सीबीएसई शाळांत ते शिकवले जाते आणि वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारी राज्य मंडळाची मुलेही ते अक्षरशः पाठ करतात. मेंडेलचे वाटाणे संपले की सटन आणि बोव्हेरी ही जोडी येते. ती जनुके आणि गुणसूत्रे यांच्या वागणुकीतले साम्य दाखवून जाते. मग मॉर्गन आणि त्याचे सहकारी फळमाश्यांवर प्रयोग करून गुणसूत्र सिद्धान्ताचा पडताळा घेतात. शेवटी एका वाक्यात मॉर्गनचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट जनुकांमधील अंतर मोजतो, नकाशा काढतो आणि विषय बदलतो.

या मजकुरात चूक शोधायला गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. तक्रार वेगळी आहे. या दोन-तीन पानांत जे शोध आहेत त्यांतील बहुतेक एकाच विद्यापीठाच्या एकाच विभागात लागले, आणि ते लावणारे बव्हंशी पदवीसाठी धडपडणारे विद्यार्थी होते. पुस्तक हे जवळजवळ सांगतच नाही. श्रेय कोणाला मिळाले हा प्रश्न बाजूला ठेवला तरी वर्गाचे एक मोठे नुकसान होते. विद्यार्थ्याने केलेले संशोधन विद्यार्थ्याला समजण्याजोगे असते, कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा करता येते. तेच काम तयार निष्कर्ष म्हणून समोर आले की पाठ करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

विभाग होता न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग. तेथे पेशीविज्ञानाचे मोठे अभ्यासक ई. बी. विल्सन होते. वॉल्टर सटन हा त्यांचा संशोधक विद्यार्थी. कॅन्सस राज्यात वाढलेला, शेतकरी घरातला. त्याने अभ्यासाला निवडला तिकडच्या गवताळ प्रदेशातला एक जाडजूड नाकतोडा, कारण त्याच्या पेशी मोठ्या आणि गुणसूत्रे ठळक दिसतात. शिवाय या नाकतोड्याची गुणसूत्रे लहानमोठ्या आकारांची असल्याने जोड्या ओळखता येतात. अर्धगुणसूत्री विभाजनात प्रत्येक जोडीतले एकेक गुणसूत्र वेगळ्या पेशीत जाते हे सटनने पाहिले आणि मेंडेलचे घटकही असेच वेगळे होतात, हे त्याच्या ध्यानी आले. 1902 आणि 1903 मध्ये त्याने दोन निबंध लिहिले. तेव्हा तो पंचविशीत होता. प्राणिशास्त्रातली पीएच.डी. त्याने पुरी केलीच नाही. काही काळ तेलविहिरींवर काम करून तो पुढे वैद्यकाकडे वळला, शल्यचिकित्सक झाला आणि 1916 मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. आपल्या मुलांना तो 'सटन-बोव्हेरी' या जोडनावाचा पहिला अर्धा भाग म्हणून माहीत असतो, एवढेच.

सटनचा तर्क मॉर्गनला पटला नव्हता. पुस्तक वाचून असे वाटते की मॉर्गन गुणसूत्र सिद्धान्त सिद्ध करण्यासाठीच कंबर कसून बसला होता. प्रत्यक्षात 1909 पर्यंत तो मेंडेलवाद्यांच्या 'घटकां'ची उघड थट्टा करीत असे. 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांची माशी सापडली आणि तिच्या संततीचे हिशेब पाहून त्याचे मत बदलत गेले. मत बदलणारा मार्गदर्शक ही काही किरकोळ गोष्ट नव्हे. त्याच्या मनातल्या शंकांमुळेच त्याच्या विद्यार्थ्यांना पुरावा पक्का करावा लागला.

मॉर्गनची 'माश्यांची खोली' सुमारे 16 फूट रुंद आणि 23 फूट लांब होती. तीत आठ टेबले, दुधाच्या बाटल्या आणि केळ्यांचा वास. (आपल्याकडची कित्येक कनिष्ठ महाविद्यालयांची प्रयोगशाळा याहून मोठी असते.) मॉर्गनने प्राणिशास्त्राच्या प्राथमिक वर्गाला एकदाच, 1909-10 या वर्षी, व्याख्याने दिली. त्या वर्गात स्टर्टेव्हंट आणि कॅल्व्हिन ब्रिजेस हे दोघेही होते. स्टर्टेव्हंटने घरच्या घोड्यांच्या रंगांची वंशावळ मेंडेलच्या नियमांनी उलगडून दाखवली आणि मॉर्गनने ती छापायला लावली. ब्रिजेस बाटल्या धुण्याच्या कामावर लागला. धुवायला आलेल्या बाटलीच्या जाड काचेतून त्याला शेंदरी डोळ्यांची माशी दिसली, आणि त्याची बढती झाली.

आता नकाशाकडे येऊ, कारण पुस्तकाने सर्वात जास्त निराशा येथे केली आहे. मादी माशीच्या एका X गुणसूत्रावर दोन विशेष जनुके असतील, तर काही संततीत ती एकत्र उतरतात आणि काहींत वेगळी होतात. अंडपेशी बनताना X च्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, म्हणजेच 'क्रॉसिंग ओव्हर' होते. त्याचा हा परिणाम. वेगळी झालेली संतती शेकडा किती, हे मोजता येते. 1911 मध्ये मॉर्गनशी बोलत असताना स्टर्टेव्हंटला सुचले की हे शेकडा प्रमाण म्हणजे जनुकांमधल्या अंतराचे माप मानता येईल. तो अजून पदवीधरही नव्हता. पदवीपूर्व वर्गात होता. घरी जाऊन त्याने रात्रीचा बराच वेळ त्यात घालवला, वर्गाचा गृहपाठ तसाच राहिला, आणि सकाळी पहिला नकाशा तयार होता. 1913 मध्ये तो छापला गेला तोवर तो संशोधक विद्यार्थी झाला होता. आकडे सगळे त्याचे नव्हते. मॉर्गन आणि इतरांनी केलेल्या मोजण्या खोलीत पडून होत्या. नवी होती ती त्यांच्याकडे पाहण्याची रीत.

ते आकडे असे. पिवळे शरीर आणि पांढरे डोळे: 21,736 माश्यांपैकी 214, म्हणजे 1.0 टक्का. पांढरे डोळे आणि शेंदरी डोळे: 29.7. शेंदरी डोळे आणि लहान पंख: 3.0. हे तीन घेऊन मुलांना एक सरळ रेषा काढायला सांगा. लहान पंखाचे जनुक शेंदरीच्या कोणत्या बाजूला? पलीकडे असेल तर पांढऱ्यापासून अंतर 32.7 यायला हवे. अलीकडे असेल तर 26.7. प्रत्यक्ष मोजलेला आकडा 33.7. म्हणजे पलीकडे. येथपर्यंत दहावीचा विद्यार्थीसुद्धा येतो, आणि 32.7 व 33.7 यांत एकाचा फरक का, असेही विचारतो.

मग पाचवे जनुक द्यावे, खुरट्या पंखांचे. शेंदरीपासून त्याचे अंतर 26.9. पांढऱ्यापासून ते एक तर 2.8 वर असेल, नाही तर 56.6 वर. मोजलेला आकडा मात्र 45.2. दोन्हीही जुळत नाहीत! पिवळ्यापासून बेरजेने 57.6 यायला हवे. मोजलेला आकडा 37.6. वीसची तूट. शिवाय पिवळे पांढऱ्याहून दूर असूनही त्याचा आकडा पांढऱ्याच्या आकड्याहून लहान आहे. (तो अवघ्या 693 माश्यांवरून काढला होता.)

सामान्य विद्यार्थी येथे नकाशा फाडून टाकील किंवा आकडा 'जुळवून' घेईल. प्रात्यक्षिकाच्या जर्नलात आकडे कसे जुळतात हे आपण सारे जाणतो. स्टर्टेव्हंटने दोन्ही आकडे छापले. लांबच्या अंतरात अदलाबदल दोनदा होऊ शकते, दुसरी पहिलीला रद्द करते आणि दोन टोकांची जनुके पुन्हा एकत्र दिसतात. म्हणून लांबचे अंतर मोजताना कमी भरते, हे त्याने ओळखले. म्हणून नकाशा जवळजवळच्या अंतरांची बेरीज करून काढायचा. तीन जनुके एकाच वेळी पाहिली तर अशा दुहेरी अदलाबदलीच्या माश्या सापडतात, आणि अपेक्षेपेक्षा कमी सापडतात, हेही त्याने दाखवले. पिवळे, पांढरे, शेंदरी, लहान, खुरटे हा त्याने लावलेला क्रम आजच्या नकाशावरही तोच आहे.

एनसीईआरटीच्या पुस्तकात काय आहे? पिवळे-पांढरे 1.3 टक्के आणि पांढरे-लहान पंख 37.2 टक्के, असे दोन आकडे. दोन आकड्यांवरून 'जवळ' आणि 'दूर' एवढेच कळते. क्रम लावण्यासाठी तिसरे अंतर लागते आणि नेमके तेच दिलेले नाही. परीक्षेत हे दोन आकडे विचारले जातात आणि मुले दशांशासकट सांगतात. स्टर्टेव्हंटच्या निबंधात याच जोड्यांसाठी 1.0 आणि 33.7 आहे, हे एखाद्याने वाचले तर तो कोणता आकडा 'बरोबर' असे विचारील. दोन्ही बरोबर असू शकतात. हे प्रमाण मादीचे वय, तापमान आणि मोजलेल्या माश्यांची संख्या यांनुसार बदलते. ही गोष्ट पुस्तकात आली असती तर दशांश पाठ करण्याची गरजच उरली नसती.

ब्रिजेसचे काम तर पुस्तकात येतच नाही. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर यांच्या मुली लाल डोळ्यांच्या आणि मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे व्हायला हवेत. पण हजारोंत एखादी मुलगी पांढऱ्या डोळ्यांची निघे. ब्रिजेसने भाकीत केले की तिच्या आईची X ची जोडी वेगळी झालेली नसणार, दोन्ही X एकाच अंडपेशीत गेले असणार. म्हणून या मुलीत दोन X आणि एक Y सापडले पाहिजेत. सूक्ष्मदर्शकाखाली तसेच सापडले. त्याचा पीएच.डी.चा हा निबंध 1916 मध्ये 'जेनेटिक्स' या नियतकालिकाच्या पहिल्या अंकात पहिला लेख म्हणून आला. सटनने साम्य दाखवले होते. पुरावा हा होता. सिद्धान्ताचा 'प्रायोगिक पडताळा' म्हणताना हाच गाळावा, याचे आश्चर्य वाटते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या नजरेस आणावीशी वाटते. 1913 च्या निबंधावर फक्त स्टर्टेव्हंटचे नाव आहे, 1916 च्या निबंधावर फक्त ब्रिजेसचे. मॉर्गनचे नाव दोन्हीकडे लेखक म्हणून नाही. 1915 च्या त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकावर मॉर्गन, स्टर्टेव्हंट, म्युलर आणि ब्रिजेस अशी चार नावे आहेत. 1933 चे नोबेल मात्र एकट्या मॉर्गनला मिळाले. त्याच्या रकमेचा वाटा त्याने स्टर्टेव्हंट आणि ब्रिजेस यांच्या मुलांना दिला.

हे सारे गोडगोड नव्हते. स्टर्टेव्हंटने 1965 मध्ये आनुवंशिकीचा इतिहास लिहिला. त्यात माश्यांच्या खोलीतली देवाणघेवाण इतकी मोकळी होती की कल्पना कोणाची याची कोणी फिकीर करीत नसे, असे चित्र आहे. हर्मन म्युलरला तसे वाटत नव्हते. आपल्या कल्पना बोलता बोलता दुसऱ्यांच्या निबंधांत गेल्या, ही खंत त्याने बाळगली. पुढे 1946 मध्ये क्षकिरणांमुळे होणाऱ्या उत्परिवर्तनांच्या शोधासाठी त्याला स्वतःचे नोबेल मिळाले, तरी ती गेली नाही. मला स्टर्टेव्हंटचे पुस्तक फार आवडते, पण या एका बाबतीत त्याच्याकडे आवडत्या विद्यार्थ्याची आठवण म्हणूनच पाहावे लागते.

हे सगळे बारावीच्या पुस्तकात मावणार नाही, हे मान्य. पण नकाशाच्या वाक्यापुढे शेंदरी डोळ्यांचे दोन आणि खुरट्या पंखांचे तीन आकडे छापायला पाच ओळी पुरतात. तोपर्यंत ते फळ्यावर लिहावेत. एका तासात मुले नकाशा काढतात आणि 37.6 ला येऊन अडतात. कोणीतरी म्हणेलच की सरांनी आकडा चुकीचा लिहिला. त्या दिवशी उत्तर देऊ नये. दुसऱ्या दिवशी दोन रंगीत दोऱ्या नेऊन त्या एकमेकींवरून दोनदा ओलांडून दाखवाव्यात.